सातारा–कराड रोजची ये-जा आणि इलेक्ट्रिक गाडी: आधी घरचा प्लग बघा, मग रेंज

प्रश्न थोडक्यात असा आहे. शाहूपुरीत स्वतःचं घर, खाली पार्किंग. नोकरी कराडला, म्हणजे रोज जाऊन-येऊन शंभर-एकशेपाच किलोमीटर. महिन्यातून दोनदा पुणे, वर्षातून दोन-तीनदा चिपळूणजवळच्या गावी. पेट्रोलला महिन्याला सोळा-सतरा हजार जातात. वडील म्हणतात सीएनजी घे, मित्र म्हणतो इलेक्ट्रिक घे. विचारलंय की कंपनी सांगते त्यातली खरी रेंज (एका चार्जमध्ये जाणारं अंतर) किती, घाटात काय होतं, बॅटरी गेली तर काय, आणि शेवटी घरच्यांची शंका: पावसात चार्जिंगला लावली तर शॉक बसेल का.

माझा धंदा इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा. साताऱ्यात आणि आसपासच्या गावांत घरगुती वायरिंग, सोलर, आणि गेली काही वर्षं गाड्यांचे चार्जर बसवतो. स्वतः चाळीस युनिटच्या बॅटरीची गाडी चालवतो. त्यामुळे शोरूममधला माणूस जिथे थांबतो तिथून पुढचं मला सांगता येईल. इथे मी सगळीकडे 'युनिट' म्हणणार आहे. कंपनीच्या कागदावर बॅटरीपुढे जो किलोवॅट-तासाचा आकडा असतो तो आणि वीजबिलातलं युनिट एकच. चाळीसची बॅटरी रिकामी होऊन भरली की चाळीस युनिट, अधिक वाटेत गळालेले चार-पाच.

तुमचा प्रश्न तुम्ही रेंजचा म्हणून मांडलाय, पण रोज एकशेपाच किलोमीटर हे आजच्या कुठल्याही मधल्या आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला जड नाही. सकाळी भरलेली निघाली की संध्याकाळी निम्म्याहून जास्त शिल्लक घेऊन परत येते. खरा प्रश्न असा की रोज रात्री ती गाडी तुमच्या घरी, तुमच्या वायरिंगवर, सहा-सात तास बिनबोभाट चार्ज होईल का. ते होत असेल तर तुमच्याइतका योग्य गिऱ्हाईक दुसरा नाही. होत नसेल तर साठ युनिटची बॅटरी घेतली तरी वर्षभरात कंटाळाल. भाड्याचं घर असतं, गाडी रस्त्यावर लागत असती, तर मीही वडिलांच्या बाजूने सीएनजीच म्हटलं असतं. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजची शंभर किलोमीटर काढणं म्हणजे रोजची कटकट, आणि तिथला दर धरला तर पैसेही फारसे वाचत नाहीत.

म्हणून आधी प्लगचं बोलू.

रोज तुम्हाला किती वीज लागेल? हायवेला नव्वदच्या आसपास चालवलीत, एसी चालू, तर एका युनिटला साडेसहा किलोमीटर धरा. एकशेपाच किलोमीटरला सोळा युनिट. चार्ज करताना दहा-बारा टक्के उष्णतेत जातात, म्हणजे मीटरवर अठरा. गाडीबरोबर येणारा साधा पोर्टेबल चार्जर पंधरा अँपियरच्या प्लगवर तासाला पावणेतीन ते तीन युनिट ओढतो. सहा-सात तासांत काम झालं. रात्री दहाला लावा, पहाटे पाचला तयार. भिंतीवरचा सव्वासात किलोवॅटचा मोठा चार्जर तुम्हाला लागतच नाही. कंपनी फुकट देत असेल तर घ्या, पण त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, मीटरपासूनची वायर बदलावी लागेल. मी लोकांना आधी साध्या चार्जरवर सहा महिने काढायला सांगतो. बहुतेक जण नंतर मोठ्याचं नाव काढत नाहीत.

आता 'साधा प्लग' म्हणजे गीझरचा किंवा वॉशिंग मशीनचा प्लग नव्हे. गीझर वीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी बारा-तेरा अँपियर सलग सहा तास ओढते, आणि रोज ओढते. नेहमीच्या मॉड्युलर सॉकेटच्या पितळी पट्ट्या त्या उष्णतेने हळूहळू ढिल्या पडतात. ढिल्या पडल्या की आणखी तापतात. महिन्या-दोन महिन्यांत सॉकेटचं पांढरं प्लास्टिक पिनेच्या भोवती पिवळं दिसायला लागतं, मग तपकिरी, आणि प्लग काढताना जरा चिकटल्यासारखा निघतो. एवढं दिसलं की त्या दिवसापासून तो सॉकेट वापरू नका. त्याच्या आधीची परीक्षा सोपी आहे: चार्जिंग सुरू करून तासाभराने प्लगच्या टोपीला हात लावायचा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जोड ढिला आहे.

करून काय घ्यायचं, तर मेन बोर्डापासून वेगळी लाईन, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिच्यावर वीस अँपियरचा वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा खटका), तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच लाईन तोडणारा खटका), आणि टोकाला झाकणाचा इंडस्ट्रियल सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही, पाहुण्यांकडे एका रात्रीपुरताही नाही. हे सगळं सामान आणि मजुरी मिळून गाडीच्या एका टायरच्या खर्चात आटोपतं. अंतर जास्त असेल तर थोडं वर.

आणि अर्थिंग. माझ्याकडे 'नवी गाडी चार्ज होत नाही' म्हणून जे फोन येतात त्यांतले निम्म्याहून जास्त गाडीचे नसतात, अर्थिंगचे असतात. चार्जरला अर्थिंग नीट मिळालं नाही तर तो लाल दिवा दाखवतो आणि बसून राहतो. त्याचं बरोबरच असतं. आपल्याकडे जमीन मुरमाची आणि खाली काळा पाषाण, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला तर चार फुटांवर खडक लागतो. घर बांधताना केलेला कोळसा-मिठाचा खड्डा दहा-पंधरा वर्षांनी कुणाच्या लक्षातही नसतो, कधी त्याच्यावर फरशी बसलेली असते. पावसाळ्यात ओल असते तोवर चार्जर चालतो आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा सुकला की एके रात्री बंद पडतो. माणूस मग सर्व्हिस सेंटरला भांडतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की गाडी चार्ज होते, यावरूनच रोग कळतो. पण तो इलाज नव्हे. नवीन केमिकल अर्थिंग करून घ्या, म्हणजे रसायनाच्या भरावात पुरलेला धातूचा इलेक्ट्रोड. एका इलेक्ट्रोडने भागलं नाही तर दोन घालून जोडा, आणि अर्थ टेस्टर लावून मोजून घ्या. पाच ओहमच्या आत हवं.

मल्टिमीटर असेल तर घरीही अंदाज येतो. गीझर चालू ठेवून फेज आणि न्यूट्रलमधला दाब मोजा, मग फेज आणि अर्थिंगमधला. दोन्ही जवळपास सारखे हवेत. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काम बाकी आहे.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगतोच, कारण ती सर्रास चालते. चार्जर अर्थिंग मागतो म्हटल्यावर काही वायरमन सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या टर्मिनलला एक तुकडा जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, मालक खूश. पण उद्या खांबावर न्यूट्रल तुटला, आणि वादळात तो तुटतो, तर घरात चालू असलेल्या उपकरणांतून गाडीच्या पत्र्यात फेज उतरतो. दाराला हात लावणारा माणूस ओल्या जमिनीवर उभा असेल तर पुढचं सांगायला नको. तुमच्या घरी कुणी 'पाच मिनिटांत करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

प्लगचं झालं की बिल. हे फारसं कुणी सांगत नाही. तुमच्या हिशेबाने महिन्याला अडीच हजार किलोमीटर फक्त कराडचे, म्हणजे मीटरवर चारशे तीसच्या आसपास युनिट. घरचा वापर दीडशे धरला तर एकूण साडेपाचशेच्या वर. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे शंभर, तीनशे, पाचशे असे चढतात, आणि गाडीची सगळी युनिटं वरच्या टप्प्यांत जाऊन बसतात. वहन आकार, वीज शुल्क धरून ही वाढीव युनिटं सरासरी पंधरा-सोळा रुपयांना पडतात. 'रुपयाला एक किलोमीटर' हे जाहिरातीतलं गणित इथे मोडतं. तुमचं महिन्याचं सहा-सात हजार होईल. सोळा-सतरा हजारांच्या पेट्रोलपुढे तरीही ते बरंच कमी आहे. पण रुपया ऐकून गेलात आणि बिल किलोमीटरला अडीच रुपयांनी आलं तर डोकं फिरेल, म्हणून आधीच सांगतो.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. एक, चार्जिंगसाठी महावितरणकडून वेगळं मीटर. त्याला घरगुती टप्पे लागत नाहीत, दर वरच्या स्लॅबपेक्षा बराच कमी पडतो. दुसरी, छतावर सोलर. एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं. तीन किलोवॅट लावलं तर महिन्याला साडेतीनशेच्या पुढे, म्हणजे गाडीचा मोठा वाटा त्यातच निघाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. नेट मीटर (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारं) असल्यामुळे दिवसा तयार झालेली वीज रात्री गाडीला वापरता येते. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या ढगांत उत्पादन निम्म्यावर येतं, तेवढं डोक्यात ठेवा. मात्र या दोन वाटा एकत्र जात नाहीत. सोलरची युनिटं घरच्या मीटरवर जमा होतात, गाडी वेगळ्या मीटरवर असेल तर तिला त्यांचा उपयोग नाही. छत स्वतःचं आणि दक्षिणेला मोकळं असेल तर सोलर करा आणि गाडी घरच्याच मीटरवर ठेवा. माझा कल तिकडे आहे. सोलर विकतो म्हणून म्हणत असेन असं वाटलं तर बिल घेऊन स्वतः आकडेमोड करा, उत्तर तेच येईल.

आता रेंज. जाहिरातीतला आकडा सरकारमान्य चाचणीतला असतो. तो खोटा नसतो, पण चाचणीतला वेग आपल्या हायवेपेक्षा फार कमी असतो. जानेवारी २०२० मध्ये पहिली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा ३०.२ युनिटच्या बॅटरीवर ३१२ किलोमीटर छापलेलं होतं. रस्त्यावर ती दोनशेच्या आसपास जायची. नंतरच्या ४५ युनिटच्या गाडीवर ४८९ छापून आलं, हायवेवर तीनशे धरलेलं बरं. छापील आकड्याच्या साठ ते सत्तर टक्के हा ठोकताळा जवळपास सगळ्या गाड्यांना लागू पडतो.

छापील आकडा सोडून बॅटरीच्या युनिटांवरून मोजलंत तर जास्त बरोबर येईल. ऐंशीच्या वेगाला युनिटला साडेसात, शंभरला सहा, एकशेवीसला पाचच्याही खाली. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्याला कुठल्याच कंपनीचा इलाज नाही. पेट्रोल गाडीतही हेच होतं. तिथे पाच मिनिटांत टाकी भरते म्हणून कुणी मोजत बसत नाही. तुमच्या सातारा–कराड पट्ट्यात उंब्रजच्या आधी-नंतर कुठे काम, कुठे वळवलेला रस्ता, त्यात ऊसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. सरासरी वेग आपोआप सत्तर-ऐंशीवर येतो. गाडीला हे मानवतं. खरा खप पुण्याच्या फेरीला दिसेल.

पुणे जाऊन-येऊन दोनशे तीस, आत शहरात फिरणं वीस-तीस. चाळीस युनिटच्या गाडीत हे एका चार्जवर काठावर बसतं. मी काठावर चालवत नाही. पुण्यात जेवायला किंवा कामाला थांबतो तिथे फास्ट चार्जरवर अर्धा तास लावतो आणि विषय संपतो. दहा ते ऐंशी टक्के साधारण तासाभरात होतं. ऐंशीनंतर बॅटरी स्वतःच वेग कमी करते, तिथे ताटकळत उभं राहण्यात अर्थ नाही. हायवेवर पुणे ते कोल्हापूरपर्यंत हॉटेलांच्या आवारात चार्जर आता बरेच आहेत. अडचण संख्येची नाही, चालू असण्याची आहे. ॲपमध्ये 'उपलब्ध' दिसतं आणि जाऊन बघावं तर स्क्रीन काळी, किंवा मोबाइलवरून पैसे गेले आणि गन (चार्जरचं गाडीत खोचायचं टोक) सुरूच झाली नाही. म्हणून नियम असा की वीस टक्क्यांवर येईपर्यंत वाट बघायची नाही. तीस-पस्तीस असताना थांबा, म्हणजे पहिला बंद निघाला तरी पुढच्यापर्यंत पोचता. शनिवार-रविवार आणि गणपतीत रांग धरूनच निघा. दोन-तीन कंपन्यांची ॲप आधीच घेऊन, त्यांत थोडे पैसे टाकून ठेवा. मोबाइलला नेटवर्क नसलेल्या जागी ओटीपीची वाट बघण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

टोलचंही बरेच जण विचारतात. राज्य सरकारच्या २०२५ च्या धोरणातली माफी मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांना आहे. आणेवाडी आणि तासवडे राष्ट्रीय महामार्गावर आहेत, तिथे फास्टॅग कापला जाणार.

घाटाचं भय मात्र लोकांनी उगाच वाढवून ठेवलंय. इथे अंदाजाची गरजच नाही, शाळेतल्या भौतिकशास्त्राने भागतं. माणसं-सामानासकट अठराशे किलोची गाडी सहाशे मीटर वर न्यायला साधारण तीन युनिट लागतात, मोटरमधली गळती धरून साडेतीनच्या आत. म्हणजे सपाटीवरच्या वीस-बावीस किलोमीटरांएवढी वीज. साताऱ्याहून महाबळेश्वरला तुम्ही साडेसहाशे मीटर चढता. साठ किलोमीटरांचे आठ-नऊ युनिट आणि चढाचे साडेतीन, असे बारा. उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून जवळपास दोन युनिट परत देते, त्यामुळे परतीला सहा-सात. अख्खी फेरी अठरा-एकोणीस युनिटांत. पसरणी घाटात मीटरवरचे टक्के भराभर उतरताना बघून माणूस घाबरतो, कारण पडद्यावरची उरलेली रेंज मागच्या काही किलोमीटरांवरून काढलेली असते. चढ संपला की ती पुन्हा वाढते. घाटात रेंजच्या आकड्याकडे बघू नका, टक्के बघा.

तुमच्या चिपळूणचं गणित उलटं आहे. जाताना कुंभार्ली घाट उतरायचा, येताना चढायचा. साताऱ्याहून पाटणमार्गे सव्वाशे-दीडशे किलोमीटर धरा. जाताना निम्म्याच्या आसपास बॅटरी शिल्लक असते आणि मन खूश होतं. परतीला तेवढ्यावर निघालात तर कोयनानगरला पोचेपर्यंत घशाला कोरड पडेल. म्हणून गावच्या घरी रात्रभर चार्ज करायचीच. आता वरचं सगळं अर्थिंगपुराण गावच्या घराला लावून बघा. कोकणातल्या जुन्या घरात पंधराचा प्लग असतो, त्याला अर्थिंगची पिन असते, पिनेला वायर नसते. गाडी घ्यायच्या आधी एकदा गावी जाल तेव्हा तिथल्या वायरमनकडून एक लाईन आणि एक इलेक्ट्रोड करून ठेवा. रात्री व्होल्टेज १८० पर्यंत पडत असेल तर चार्जर मधेच थांबतो, तेही तेव्हाच मोजून घ्या.

घाटाची आणखी एक बारीक गोष्ट, ती उंचावर मुक्काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलात रात्री शंभर टक्के भरून सकाळी खाली निघालात तर बॅटरीत परत येणारी वीज घ्यायला जागाच नसते. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी जी रोजच्या सवयीने आवळते, ती आवळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. नव्या चालकाला पहिल्या वळणावर दचकायला होतं. वर मुक्काम असेल तर ऐंशी-पंच्याऐंशीला थांबवा. खाली येईपर्यंत वाढलेलीच मिळेल.

गाडी किती भरवशाची, यावर माझं मत लोकांपेक्षा जरा वेगळं आहे. मोठी बॅटरी आणि मोटर हे गाडीतले सगळ्यात निर्धास्त भाग आहेत. दगा देते ती बारा व्होल्टची छोटी बॅटरी, पेट्रोल गाडीत असते तीच. मोठी बॅटरी सत्तर टक्के भरलेली, आणि सकाळी दार उघडत नाही, पडदा पेटत नाही. कारण मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे काँटॅक्टर, म्हणजे आतले मोठे खटके, ही छोटी बॅटरी ओढते. ती मेली की आत चाळीस युनिट असून गाडी ठोकळा. माझ्या गाडीलाही हे झालंय. जंप स्टार्टर (छोट्या बॅटरीला बाहेरून वीज देणारी पेटी) लावला, पाच मिनिटांत गाडी उठली, दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी टाकली. तिसऱ्या वर्षापासून ती तपासत जा, डॅशकॅम वगैरे परस्पर तिच्यावर जोडू नका, आणि तीन-चार हजारांचा जंप स्टार्टर गाडीत ठेवा, डिकीत नव्हे, पुढे. डिकी उघडायलाही तीच बॅटरी लागते.

बाकी तक्रारी सॉफ्टवेअरच्या. कधी पडदा अडकतो, कधी चार्जिंग गन सुटत नाही, कधी बिनकामाचा इशारा लागतो. बहुतेक वेळा गाडी पूर्ण बंद करून दहा मिनिटांनी चालू केली की जातं. पण जेव्हा खरंच काही जातं, तेव्हा थांबावं लागतं. उच्च दाबावर काम करायचं प्रशिक्षण असलेला माणूस प्रत्येक वर्कशॉपमध्ये नसतो, आणि सुटा भाग पुण्याहून किंवा त्याच्याही पलीकडून येतो. चार दिवस, कधी दोन आठवडे. गाडी बुक करायच्या आधी जवळच्या वर्कशॉपमध्ये जाऊन, विक्रीवाल्याला सोडून, सर्व्हिसच्या माणसाला विचारा की मोठी बॅटरी इथे उतरवता का की पुढे पाठवता. त्याच्या उत्तरावर कुठली कंपनी घ्यायची ते निम्मं ठरेल. घरात दुसरं वाहन, निदान एक स्कूटर, असू द्या. आणि गाडी बंद पडलीच तर दोरी बांधून ओढू देऊ नका. पुढची चाकं फिरली की मोटर जनरेटर होते आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची. क्रेनवाल्याला हे फोनवरच सांगा.

बॅटरीच्या आयुष्याबद्दल तुम्ही आठ वर्षांच्या वॉरंटीवर विसंबून आहात असं दिसतं. तिथे बारीक अक्षरं वाचा. नेहमीची अट आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते. तुम्ही वर्षाला तीस हजार फक्त कराडचे करणार, पुणे-चिपळूण धरून छत्तीस हजार. म्हणजे वॉरंटी साडेचार वर्षांत संपली. काही कंपन्या आता पहिल्या मालकाला आजीवन वॉरंटी देतात. तुमच्यासारख्या जास्त चालवणाऱ्याला त्याची किंमत खरी आहे, फक्त 'आजीवन' म्हणजे किती वर्षं आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बदलून देणार, हे लेखी बघा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल, टाटाच्या गाड्यांत तीच असते, तर रिकामी होऊन भरण्याच्या हजार-दीड हजार पूर्ण फेऱ्यांना ती फारशी दाद देत नाही. तुमच्या वापराला तेवढ्यात अडीच ते चार लाख किलोमीटर होतील. तोवर थोडी रेंज कमी होईल, अचानक मरणार नाही. रोज वीस ते ऐंशी-नव्वद ठेवा, आठवड्यातून एकदा साध्या चार्जरवर पूर्ण शंभर करा. या प्रकारच्या बॅटरीत उरलेली वीज मोजणं अवघड असतं. शंभरला नेली की गाडीचा हिशेब पुन्हा जुळतो, नाहीतर पंधरा टक्क्यांवरून एकदम पाच दाखवायची पाळी येते.

खर्चात इंजिन ऑइल, क्लच गेलं, ब्रेक पॅड कितीतरी जास्त टिकतात. त्या बदल्यात टायर लवकर झिजतात, गाडी जड आणि ओढ जोरदार म्हणून. हवा पंधरा दिवसांनी बघायची, कमी असली तर रेंजही खाते. विमा पेट्रोलपेक्षा महाग पडतो, कारण गाडीची किंमतच जास्त.

तुमच्यासाठी मी चाळीस ते पंचेचाळीस युनिटची गाडी म्हणेन. चोवीस युनिटच्या छोट्या गाडीत रोजचं कराड होईल, पण चार-पाच वर्षांनी, मेच्या उन्हात, एसी लावून, उंब्रजला अडकलात की मन मीटरवर राहील. साठ-ऐंशी युनिटची घ्यायला तुमच्या वापरात काही कारण नाही, नाकापेक्षा मोती जड. वर्षातून दोन-तीनदा चिपळूणला जायचं म्हणून चार-पाच लाख जास्त कोण घालवतो?

आता शॉकचं. गन गाडीत बसून आतला खटका लागेपर्यंत आणि चार्जर-गाडीची आपसांत ओळख पटेपर्यंत गनच्या पिनांत वीजच येत नाही. पावसात गन लावताना हात ओला असला तरी तिकडून धोका नसतो, गाडीच्या बाजूचं सगळं जलरोधक असतं. शॉक बसला तर घरच्या बाजूने बसेल: पोर्टेबल चार्जरची पेटी जमिनीवर पाण्यात पडलेली, बिनझाकणाचा सॉकेट पत्र्याच्या पागोळीखाली, आणि मागे नसलेलं अर्थिंग. सॉकेट चार फूट उंचीवर घ्या, शेजारीच पेटी अडकवायला एक खुंटी मारा, आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरंच पडतो का बघा. शाहूपुरीत पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळे पार्किंगची पूर्वेकडची, आतली भिंत मिळत असेल तर लाईन तिकडे न्या. वायर चार मीटर जास्त गेली तरी चालेल.